अल्प मुदतीचा परदेश-अभ्यास आणि आपला शिक्षणनिधी
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला एक प्राथमिक शिक्षक. सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांतून पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेली. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही आणि परदेश तर नकाशाखेरीज पाहिलेला नाही. अशा माणसाने विद्यापीठांच्या परदेश-अभ्यासक्रमांविषयी बोलणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास होय. तरीही हाच विषय मी मागून घेतला, त्यास कारण आहे. शिक्षणनिधीच्या समितीवर असताना माझ्या हातून एक चूक घडली. ती आपणांसमोर मांडावी आणि तशी चूक आपल्या संस्थेकडून पुन्हा घडू नये याची तजवीज आपणा सर्वांकडून करून घ्यावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

गोष्ट दहाएक वर्षांपूर्वीची आहे. आपल्या ज्ञातीतील एक मुलगी कृषी शाखेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती. वडिलांचे तालुक्याच्या गावी लहानसे दुकान. तिच्या महाविद्यालयातील दोन प्राध्यापक बारा विद्यार्थ्यांना घेऊन तीन आठवड्यांसाठी थायलंडला निघाले होते. तेथील शेतकरी फळांवर प्रक्रिया कशी करतात, त्यांचे गट कसे चालतात, माल बाजारात कसा जातो, याचा अभ्यास करावयाचा होता. बारांमध्ये या मुलीची निवड झाली. तिच्या वाट्याला नव्वद हजार रुपयांचा खर्च येत होता. चाळीस हजारांची सोय वडिलांनी केली आणि उरलेल्या पन्नास हजारांच्या बिनव्याजी कर्जासाठी आपल्या निधीकडे अर्ज केला.

अर्ज समितीपुढे आला. आपल्या नियमात स्पष्ट लिहिले आहे की, पदवी वा पदविका देणाऱ्या अभ्यासक्रमासाठीच कर्ज द्यावे. समितीत शिक्षक मी एकटाच, म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “तीन आठवड्यांत कोण काय शिकतो? हे शिक्षण नव्हे, ही सहल आहे. सहलीसाठी लोकांनी वर्गणी दिलेली नाही.” साऱ्यांना ते पटले. अर्ज नामंजूर झाला. मुलीच्या वडिलांनी अर्जाचा कागद घडी घालून खिशात ठेवला, आम्हांस नमस्कार केला आणि ते निघून गेले. मुलगी गेली नाही. तिच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी निवड झाली.

गतवर्षी एका लग्नात ती मुलगी मला भेटली. आता ती एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. तिने वाकून नमस्कार केला, क्षेमकुशल विचारले. बोलता बोलता मी ओशाळून त्या अर्जाचा विषय काढला. ती हसली आणि म्हणाली, “गुरुजी, राग नाही हो माझ्या मनात. पण एक विचारू? सातवीत असताना तुम्ही आम्हाला हिवरे बाजारला नेलं होतं. ती सहल होती, का शिक्षण होतं?”

बंधुभगिनींनो, या प्रश्नाने माझी कित्येक दिवस झोप उडविली. हिवरे बाजारची ती भेट अवघ्या एका दिवसाची होती. परंतु जाण्यापूर्वी पंधरा दिवस मी मुलांकडून आमच्या गावातील विहिरींची खोली दोराने मोजून घेतली होती. कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकते, हे त्यांनी घरोघर विचारून वहीत उतरविले होते. मग हिवरे बाजारला गेलो. पडलेल्या पावसाचा आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची हे गाव ठरविते, शेतीसाठी विंधनविहीर घेऊ देत नाही, डोंगरउतारावर चर खणून पाणी मुरविते, हे मुलांनी पाहिले. परत आल्यावर याच मुलीने ग्रामसभेत उभे राहून दोन्ही गावांच्या पाण्याचा हिशेब वाचून दाखविला होता. तिच्या वडिलांचे डोळे तेव्हा भरून आले होते. जे मी एका दिवसात करून दाखविले, ते तीन आठवड्यांत होऊ शकणार नाही असे मीच समितीत सांगितले! तेव्हा प्रश्न मुदतीचा नव्हता. मुदतीआधी काय केले, मुदतीत सोबत कोण होते आणि मुदतीनंतर काय घडले, हे विचारावयास हवे होते. ते मी विचारलेच नाही.

मुदतीवरून शिक्षणाचे मोल ठरत नाही, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच नगरात आहे. अमेरिकेतून आलेल्या सिंथिया फॅरार या शिक्षिकेने १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुलींना शिकविण्याचे काम केले. जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत नगरला आले असता त्यांनी या बाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. ही भेट काही वर्षा-दोन वर्षांची नव्हती. परंतु पाहणारा माणूस मनाची तयारी करून आला होता. परत गेल्यावर १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे नगरला फॅरारबाईंकडे घेतले. त्या छोट्याशा भेटीला कोणी सहल म्हणेल काय?

देशाटनाची थोरवी आपणांस नवी नाही. संत नामदेव महाराज पंढरीहून निघून पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. परंतु मध्यंतरी असाही काळ आला, की समुद्र ओलांडणाऱ्यास ज्ञातीने वाळीत टाकावे आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावयास लावावे. अशा काळात, १८८३ साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला व तेथून १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तेथील शाळा, संस्था, स्त्रियांची स्थिती यांचे बारकाईने निरीक्षण करून त्यांनी १८८९ साली मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण पाहिले ते आपल्या लोकांच्या भाषेत आपल्या लोकांना सांगावे, ही जबाबदारी त्या विसरल्या नाहीत. आज ज्ञाती कोणास वाळीत टाकीत नाही हे खरे. परंतु नियमावर बोट ठेवून आम्ही त्या मुलीला किनाऱ्यावरच थांबविले. प्रायश्चित्त आता तिने नव्हे, मी घ्यावयाचे आहे.

आता हे अभ्यासक्रम असतात तरी कसे, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. परदेशी शिकण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग पूर्ण पदवीचा. एक-दोन वा अधिक वर्षे तेथे राहून पदवी घ्यावयाची. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तो हा मार्ग. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना जी परदेश शिष्यवृत्ती देते, तीही पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. यांसाठीच आहे. दुसरा मार्ग असा, की विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाचा राहतो, आपलाच अध्यापक त्याला परदेशी घेऊन जातो, दोन ते आठ आठवडे तेथे एका ठरावीक विषयाचा अभ्यास करवितो आणि त्या अभ्यासाचे गुण त्याच्या इथल्याच पदवीत धरले जातात. आपण ज्याला सहल म्हणून नाकारले, तो हा दुसरा मार्ग होता.

अध्यापकाने विद्यार्थी घेऊन जाण्याची ही कल्पना जुनी आहे. १९२३ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला निघाले. पहिले महायुद्ध त्यांनी पाहिलेले होते. राष्ट्राराष्ट्रांतील माणसे एकमेकांस ओळखत नाहीत तोवर शहाणपण येणार नाही, असे त्यांना वाटे. त्यांनी विद्यार्थ्यांना आधी नान्सी या गावी भाषेचे शिक्षण दिले आणि मग पॅरिसच्या विद्यापीठात बसविले. तो अभ्यास वर्षभराचा होता. पुढे मुदत कमी होत गेली आणि आज अमेरिकेतून अभ्यासासाठी बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक अल्प मुदतीसाठीच जातात. युरोपातील देशांनीही १९८७ साली इरॅस्मस नावाची योजना काढून विद्यार्थ्यांच्या देवघेवीचा मार्ग मोकळा केला.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. अमेरिकेतील काही महाविद्यालयांचे विद्यार्थी अनेक दशके पुण्यात येऊन कुटुंबांत राहत व मराठी शिकत. आपल्याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात हवामानाशी जुळणारी शेती आणि जलव्यवस्थापन यांचे प्रगत केंद्र निघाले. ते ज्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून निघाले, त्या प्रकल्पाने देशातील अनेक कृषी विद्यापीठांचे विद्यार्थी व अध्यापक काही आठवडे वा महिने परदेशी प्रशिक्षणास धाडले. त्यामागे जागतिक बँक व भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांचे अर्थसाह्य होते. आणि मला प्राथमिक शिक्षक म्हणून विशेष अभिमान वाटतो तो असा, की पुणे जिल्हा परिषदेने २०२५ साली आपल्या शाळांतील २५ मुलामुलींची नासा या अमेरिकन अवकाशसंस्थेच्या भेटीसाठी निवड केली आणि निवडीच्या कामी आयुका या संस्थेचे साह्य घेतले. ज्या शाळांना लोक नावे ठेवतात, त्या शाळांतील ही मुले होत.

परंतु कोणतीही गोष्ट चांगली की वाईट, हे ती कशी केली जाते यावर ठरते. चांगल्या रीतीने केलेला अल्प मुदतीचा अभ्यास मी एकदा डोळ्यांनी पाहिला आहे. गंमत अशी, की त्या वेळी परदेशी जाणारे आपण नव्हतो. आपले गाव हेच कोणाचे तरी परदेश होते.

नव्वदीच्या दशकात मी जामखेड तालुक्यात नोकरीस होतो. जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला, हे आपण जाणताच. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित असलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्याकरवी गावाचे आरोग्य सुधारावयाचे, हा त्यांचा मार्ग. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वर्षातच दगावत. नव्वदीच्या दशकात ही संख्या तिसाच्या आत आली. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम शिकण्यासाठी देशोदेशीचे विद्यार्थी काही आठवड्यांच्या अभ्यासाकरिता जामखेडला येऊ लागले, ते आजतागायत येतात.

एके दिवशी आमच्या शाळेच्या आवारात जीपगाडीतून सात-आठ गोरी मुलेमुली उतरली. सोबत त्यांचे प्राध्यापक होते. शाळेच्या ओट्यावर आमच्या गावच्या आरोग्यसेविका बाई बसल्या, समोर जमिनीवर ती मुले आणि त्यांच्याच ओळीत, मांडी घालून, ते प्राध्यापक. दुभाष्यामार्फत समजले की पहिल्या दिवशी कोणीही छायाचित्र घ्यावयाचे नाही आणि प्रश्न विचारावयाचा नाही, केवळ ऐकावयाचे, असा त्यांचा दंडक होता. दुसऱ्या दिवशी प्रश्न सुरू झाले. एका मुलाने विचारले, “या गावात काय काय कमी आहे?” बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “ते मी सांगंन. पण आधी तू सांग, तुझ्या गल्लीत रातच्याला एखादी बाई अडली, तर धावत कोण जातं?” मुलगा गोंधळला. म्हणाला, गाडी बोलवावी लागेल. “अन् गाडी येईस्तोवर तिच्यापाशी कोण बसतं?” त्याला शेजाऱ्यांची नावेही सांगता आली नाहीत. प्राध्यापकांनी त्याची सुटका केली नाही. त्यांनी तो प्रश्न सर्वांना वहीत लिहावयास लावला आणि सांगितले, “घरी गेल्यावर याचे उत्तर शोधून लिहा, तो तुमचा शेवटचा निबंध.”

त्या दिवशी मला उमगले की तो विद्यार्थी आमचे गाव बघावयास आला होता, पण परत जाताना स्वतःचे गाव बघण्याची दृष्टी घेऊन गेला. परदेश-अभ्यासाचे सारे सार यात आले. आणि हेही उमगले, की शिकवणारी व्यक्ती निरक्षर असली तरी अडत नाही. मात्र विद्यार्थ्याला तिच्यापुढे नम्रपणे बसविणारा अध्यापक सोबत असावा लागतो. जामखेड परिसरातीलच मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविकेने १९८८ साली वॉशिंग्टन येथे आरोग्यविषयक जागतिक परिषदेत भाषण केले. तिचा तो परदेशचा मुक्काम थोडक्या दिवसांचाच होता. त्यामागे कित्येक वर्षांचे काम उभे होते, म्हणून मोठमोठ्या तज्ज्ञांनी तिचे ऐकून घेतले.

आता आपल्या विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी असे अभ्यासक्रम कसे उभारावेत याविषयी थोडे सांगतो. हे मी शाळेच्या सहली नेण्याच्या अनुभवावरून आणि अलीकडे काही प्राध्यापकांना विचारून जमविलेल्या माहितीवरून सांगत आहे.

पहिली गोष्ट, आधी विषय ठरावा आणि मग देश. पुष्कळदा याच्या उलट होते. स्वस्त तिकीट मिळते म्हणून देश ठरतो आणि मग त्याला विषय चिकटविला जातो. जो अभ्यास आपल्या गावी करता येतो, त्यासाठी समुद्र ओलांडू नये. तेथे गेल्यावाचून जो समजणारच नाही, त्यासाठीच जावे.

दुसरी गोष्ट, अध्यापकाने आधी स्वतः एकदा जाऊन यावे. राहण्याची जागा, दवाखाना, येण्याजाण्याची सोय पाहावी आणि तेथील यजमान संस्थेशी लेखी करार करावा. सहलीआधी मी ज्या धर्मशाळेत मुले झोपणार तिचा नळ सुरू आहे की नाही हे स्वतः पाहून येत असे. विद्यापीठाने याहून कमी काळजी का घ्यावी?

तिसरी गोष्ट, तयारी. निघण्यापूर्वी निदान दोन महिने आठवड्यातून एक वर्ग व्हावा. त्या देशाचा इतिहास, व्यवहारापुरती भाषा, खाणेपिणे, आदबीच्या चालीरीती हे त्यात यावे. आणि हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यात काय स्वरूपाचा आहे, याचा अभ्यास आधी पुरा व्हावा. ज्याने आपल्या विहिरीची खोली मोजलेली नाही, त्याला दुसऱ्याच्या धरणाची उंची समजत नाही.

चौथी गोष्ट, गुणांची. आपल्या विद्यापीठांत आता श्रेयांक पद्धत आहे. सर्वसाधारण हिशेब असा, की १५ तासांचे व्याख्यान किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. तेव्हा १५ दिवस रोज चार तास क्षेत्रकाम केले तर ६० तास होतात, म्हणजे दोन श्रेयांक झाले. हे श्रेयांक जाण्यापूर्वीच अभ्यासमंडळाकडून मंजूर करून घ्यावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी संस्थांशी सहकार्यास उत्तेजन दिले आहे. धोरणाचा लाभ मात्र जो आधी कागद तयार ठेवील त्यालाच होतो.

पाचवी गोष्ट, पैशाची. दहा-बारा विद्यार्थ्यांमागे दोन अध्यापक जावेत आणि मुलींचा समावेश असेल तर त्यांत एक अध्यापिका असावीच. अध्यापकांचा खर्च विद्यार्थ्यांच्या डोक्यावर टाकू नये, तो विद्यापीठाने सोसावा. एरवी होते असे, की ऐपतदारांची मुले जातात आणि हुशार मुले मागे राहतात. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांचा खर्च आरंभीच सांगावा. निघण्याच्या आदल्या आठवड्यात आणखी दहा हजारांची मागणी आली, तर गरीब बाप कोठून आणील?

सहावी आणि शेवटची गोष्ट, परत आल्यावर काम. रोजनिशी, निबंध आणि गावात वा महाविद्यालयात जाहीर निवेदन यांवाचून श्रेयांक मिळू नयेत.

पालकांस एक सावधगिरीची सूचना करतो. हल्ली आंतरराष्ट्रीय अभ्यासदौरा असे नाव देऊन चार शहरे दाखवून आणणारे आणि वर प्रमाणपत्र देणारे दलाल निघाले आहेत. खरे-खोटे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. नेणारा अध्यापक कोण आणि तो हा विषय एरवी शिकवितो काय, तेथे यजमान संस्था कोणती, गुण कोठे नोंदले जाणार, आजारीपणात जबाबदारी कोणाची, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. उत्तरे लेखी न आल्यास पैसे देऊ नयेत.

आता एका आक्षेपास उत्तर देणे अवश्य आहे. आपल्यापैकी काहीजण म्हणतील, गुरुजी, एका मुलीला परदेशी पाठविण्याच्या पैशात चार मुलांची इथली फी भरून होईल, त्याचे काय? हा आक्षेप खोटा नाही. आपला निधी लहान आहे. तो लोकांच्या रुपया-दोन रुपयांच्या वर्गणीतून उभा राहिला. प्रथम हक्क फी भरू न शकणाऱ्यांचा, हे मलाही मान्य आहे. म्हणून मी सारा निधी याकडे वळवा असे मुळीच म्हणत नाही. मी इतकेच म्हणतो की, दार पूर्ण बंद ठेवू नका. चार मुलांची फी भरली म्हणजे चार मुले शिकतात. परंतु जोतीरावांसारखा एखादा पाहून परत आला म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या फीचा प्रश्नच निराळा होतो. कोण तसा निघेल हे आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच दार थोडे उघडे असावे लागते.

शिवाय ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे. परदेशी विद्यार्थी जामखेडला येतात, पुण्याला येतात. आपल्या महाविद्यालयांनी त्या यजमान संस्थांशी बोलून आपली मुले त्यांच्या जोडीने कामास लावावीत. एकाच गावात, एकाच ओट्यासमोर दोन देशांची मुले बसली, तर तिकिटाचा खर्च न करता निम्मे शिक्षण साधते. आपल्या ज्ञातीतील कुटुंबांनीही अशा पाहुण्यांना चार दिवस घरी ठेवून घेण्याची तयारी दाखवावी. आपल्या मुलांना परक्या घरी मान मिळावा असे वाटत असेल, तर आपले घरही उघडे हवे.

अध्यक्ष महाशय, आता माझी सूचना मांडतो. शिक्षणनिधीच्या नियमात “पदवी अथवा पदविका देणाऱ्या अभ्यासक्रमासाठी” या शब्दांपुढे “अथवा मान्यताप्राप्त विद्यापीठाने श्रेयांक मंजूर केलेल्या, अध्यापकांच्या सोबतीने होणाऱ्या अल्प मुदतीच्या परदेश-अभ्यासासाठी” हे शब्द घालावेत. वर्षाच्या एकूण कर्जवाटपापैकी एकदशांशाहून अधिक रक्कम यासाठी देऊ नये आणि एका विद्यार्थ्यास पन्नास हजारांपेक्षा जास्त देऊ नये. परत आल्यावर विद्यार्थ्याने ज्ञातीच्या निदान तीन गावी जाऊन, काय पाहिले आणि त्यातील आपल्या उपयोगाचे काय, हे मराठीत सांगावे आणि त्याचा लेख या स्मरणिकेत द्यावा. हे काम पुरे करणाऱ्यास निम्मे कर्ज माफ करावे. न करणाऱ्याकडून पुरते वसूल करावे. अर्ज समान योग्यतेचे असल्यास मुलीला अग्रक्रम द्यावा. हा शेवटचा मुद्दा मी का घालतो, ते आपण ओळखलेच असेल.

निधीच्या प्रारंभासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून पन्नास हजार रुपये मी आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे. त्यावर माझे नाव घालू नये. ती देणगी नव्हे. दहा वर्षांपूर्वी जी रक्कम एका मुलीला मिळावयास हवी होती आणि माझ्या शब्दामुळे मिळाली नाही, ती उशिराने परत केली, एवढेच.

त्या लग्नात मी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. आज देतो. बाळ, ते शिक्षण होते. आणि तू जे मागितले होतेस, तेही शिक्षणच होते.